बाराव्याला दिलेला शब्द

त्या कागदावर साक्षीदार म्हणून सही माझी आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी इतरांना नावं ठेवणार आहे आणि त्यात मला वगळलं असं कुणाला वाटायला नको.

मी गंगाराम. तीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होतो. तिकीट आणि सुट्टे नीट बघून घ्या, मागनं तक्रार चालणार नाही, हे मी लोकांना इतक्या वेळा सांगितलं की निवृत्त झाल्यावरही झोपेत बडबडायचो, असं घरची म्हणायची. आणि माझ्याच शेजाऱ्याच्या घरापुढच्या खळ्यात, माझ्याच हातात कागद आला, तेव्हा मी तो वाचला नाही. चष्मा खिशात होता.

शेजारी म्हणजे भागोजी. माझ्या आणि त्याच्या घरामध्ये कमरेएवढा गडगा आहे. तो त्यानंच घातलेला, चाळीस वर्षांपूर्वी, जांभ्या दगडाचा. त्यात चिमूटभर सिमेंट नाही, माती नाही. नुसता दगडावर दगड. चाळीस पावसाळे गेले, एक दगड हललेला नाही. आमच्या बाजूच्या आंब्याच्या बागांना जे जुने गडगे आहेत त्यातले निम्मे भागोजीच्या हातचे. नंतर लोक चिऱ्याची पक्की भिंत घालायला लागले आणि भागोजीही साठीच्या पुढे गेला, तसं त्यानं काम सोडलं. मुलगा हाताशी आला होता.

मुलगा संदेश. मुंबईला एका कारखान्यात वेल्डिंग शिकला, लॉकडाऊनमध्ये परत आला तो आलाच. स्टॉपजवळ पत्र्याची शेड टाकून ग्रिल आणि गेटं करायला लागला. शेड वाढवायला त्यानं गेल्या वर्षी, पावसाच्या तीन-चार महिने आधी, एका फायनान्स कंपनीकडून दोन लाख उचलले. हप्ता कधी चुकवला नाही. शेडमध्ये गेलं की काळा चष्मा वर करून हसायचा, "काका, बसा, पन ठिनगीकडं बघू नका."

गेल्या पावसाळ्यात लावणीला माणूस मिळेना म्हणून तो चार दिवस चिखलात उभा राहिला. श्रावणात ताप आला. आधी सगळ्यांना साधाच वाटला. डोळे पिवळे झाले तेव्हा रत्नागिरीला नेला. डॉक्टर म्हणाले लेप्टो. चौथ्या दिवशी गेला. छत्तीस वर्षांचा होता. मागे बायको दर्शना, सात वर्षांची सानिका, आणि हे दोघं म्हातारे, भागोजी आणि सखू. वेल्डिंगचं मशीन विकलं ते दवाखान्याची आणि औषधवाल्याची उधारी भागवण्यात गेलं.

आता बाराव्याचं सांगतो. आमच्याकडे पद्धत आहे. बाराव्या दिवशी पिंड झाला की घरातला कर्ता माणूस खळ्यात उभा राहतो आणि जमलेल्या गावाला विचारतो, मयताचं कुणाचं काही देणं असेल तर आता बोला. ज्याचं असेल तो सांगतो. कर्ता "दिलं" म्हणतो. पुरावा कुणी मागत नाही आणि खोटं कुणी बोलत नाही. देणं डोक्यावर असेल तर गेलेला माणूस अडकून राहतो, पुढे जात नाही, असं आमची माणसं मानतात. मीही मानतो की नाही हे मला विचारू नका. तिथं उभं राहिलं की मानतोच.

खळ्यात ताडपत्री बांधली होती. तिच्यावर पाणी साचलं की सदू गावकर काठीनं ती खालून ढोसायचा आणि पाणी धबकन बाहेर पडायचं. भागोजी उभा राहिला. डोकं भादरलेलं, अंगावर पांढरा टॉवेल.

"माज्या संदेशचं कुनाचं काय देनं असंल तर आता बोला," तो म्हणाला. "मागनं बोलू नका. मी फेडीन."

दुकानदारानं तीनशे चाळीस सांगितले. टायरवाल्यानं दोनशे. एका दोस्तानं दोन हजार सांगितले आणि लगेच "नको, ऱ्हाऊं दे" म्हणाला. भागोजी प्रत्येकाला "दिलं" म्हणाला.

मग पाठीमागनं एक माणूस उठला. तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, पाठीला बॅग. आम्हाला वाटत होतं संदेशच्या मुंबईच्या दोस्तांपैकी असेल. त्यानं सखूला येताना नमस्कारही केला होता.

"मी सागर. फायनान्सकडून," तो म्हणाला. "एक लाख शहाऐंशी हजार बाकी आहे, बाबा."

नंतर कळलं की हप्त्यासाठी त्याचा फोन आला होता, तेव्हा दर्शनानं रडत सांगितलं की ते गेले, अमुक तारखेला. त्यानं बोटावर दिवस मोजले असणार. आमची पद्धत त्याला ठाऊक होती. तो लांज्याकडचाच होता.

सदू गावकरानं काठी खाली घेतली. भागोजीनं एकदा पिंडाच्या जागेकडं बघितलं.

"दिलं," तो म्हणाला.

आम्हाला काय वाटलं सांगू? अभिमान वाटला. असा बाप पाहिजे, असं मीच बाजूच्याला म्हटलं. सागरनं बॅगेतनं कागद काढला. त्यावर छापलं होतं की सदर कर्ज मी स्वखुशीनं माझ्या नावावर घेत आहे. भागोजीनं सही केली, तो सातवीपर्यंत शिकलेला. "साक्षीदार कोण?" सागरनं विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, कारण वाडीत कागदपत्राचा माणूस मीच. मीही ऐटीत पेन घेतलं.

पहिला हप्ता दोन शेळ्या विकून गेला. सात हजार आठशे पन्नास. पाऊस उघडल्यावर भागोजीनं माळ्यावरची पहार काढली, हातोडा काढला, दगडावर घासून त्याला धार केली. रत्नागिरीत मांडवीला राहणाऱ्या एका डॉक्टरांची सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, बाग आहे, त्यांना गुरं आत येऊ नयेत म्हणून गडगा हवा होता. सहाशे रुपये रोज. म्हणजे हप्त्यासाठी चौदा दिवस. भागोजीचं वय सदुसष्ट.

दर्शना त्याच्याबरोबर जायला लागली. दगड उचलून आणायचे, पाटीनं चिपा भरायच्या. गडग्याला दोन तोंडं असतात, आतून आणि बाहेरून, आणि मधल्या पोकळीत बारीक दगडांची भर. मधे मधे एक लांब दगड आडवा घालायचा, तो दोन्ही तोंडांना धरून ठेवतो. मी एकदा डबा द्यायला गेलो तेव्हा भागोजी एकच दगड हातात फिरवत होता. असा ठेवी, उचली, उलटा करी, परत ठेवी.

"तोडून टाक ना कोपरा," मी म्हटलं.

"त्याची जागा हाय कुठंतरी," तो म्हणाला. "मलाच गावत नाय."

सड्यावर सावली नाही. जांभा तापला की चपलेतनं चटका लागतो. त्याच्या पाठीचा कणा शर्टातून मोजता यायचा. घरी आल्यावर सखू त्याची कंबर गरम पाण्यानं शेकायची आणि तो पालथा पडून म्हणायचा, "झाले गो तीन हप्ते. तेवढा तो हलका झाला." सखू फडकं परत पाण्यात बुडवायची. तो दगड उचलत नव्हता, पोराला उचलत होता, आणि ते आम्हाला सगळ्यांना दिसत होतं.

कंपनीचे फोन संदेशच्याच नंबरवर यायचे. कागदावर तोच नंबर होता. म्हणून भागोजी संदेशचा मोबाईल सदऱ्याच्या खिशात घेऊन फिरायचा. दर्शना रोज संध्याकाळी तो चार्जिंगला लावायची. वाजला की संदेशनं लावलेली ढोल-ताशाची धून वाजायची, आमच्या शिमग्यातली, त्यानं स्वतः भरून घेतलेली. पहिल्यांदा वाजली तेव्हा सखू चुलीपाशी होती ती ओटीवर धावत आली होती.

सागर फोनवर आधी गोड बोलायचा. बाबा, उद्या पाच तारीख. मग तारीख जवळ आली की सूर बदलायचा. "म्हातारे, गावासमोर शब्द दिलास ना? मुलाच्या नावानं शिव्या खायच्या आहेत का?" कधी सकाळी सहाला, कधी भागोजी जेवायला बसला असताना. एकदा बागेत आला आणि डॉक्टरांच्या माळ्यासमोर म्हणाला, याचा रोज इथंच माझ्या हातात देत जा. माळ्यानं दिला नाही, पण दुसऱ्या दिवसापासून तो भागोजीशी बोलताना मान वळवायला लागला.

माघात, चार तारखेला, सकाळी ते दोघं सड्यावर होते. नुकतं फटफटलं होतं. ऊन व्हायच्या आधी पायाचे मोठे दगड बसवायचे म्हणून ते लवकर निघायचे. दर्शनानं पहारेनं दगड उचलून धरला होता आणि भागोजी डाव्या हातानं खालची माती सारखी करत होता. खिशात ढोल वाजला.

दर्शना मला म्हणाली, "काका, ते दचकले नाय. त्यांनी हात थांबवला आन् ऐकत ऱ्हायले. रोज तसंच करायचे. वाजला की आदी जरा ऐकायचे. माजी पहार सटकली."

डाव्या हाताची दोन बोटं गेली. करंगळी आणि तिच्याशेजारचं. दर्शनानं ओढणी बांधली, रिक्षा बघायला रस्त्यापर्यंत धावली. फोन वाजून बंद झाला आणि परत वाजला.

सिव्हिलमधून आठ दिवसांनी त्याला आणलं. मी भेटायला गेलो तर माझ्याकडं न बघता म्हणाला, "या म्हयन्याचा चुकला, गंगाराम." दर्शना चुलीशी बसून होती. तिनं स्वतःचा उजवा हात पदराखाली धरला होता, जसा काही तोच तुटला होता. पुढचा महिनाभर ती पहारेला हात लावत नव्हती. काजू फोडायच्या कारखान्यात जायला लागली. तिथं दिवसाला अडीचशे सुटायचे. काजूच्या चिकानं तिच्या बोटांची सालं निघाली.

शिमगा आला. आमच्या देवीची पालखी घरोघर येते तो आमच्या वर्षातला मोठा दिवस. मुंबईची माणसं कंपनी सोडून येतात पण पालखी चुकवत नाहीत. भागोजीच्या दारी पालखी आली तेव्हा दुपार होती. खळं सारवलेलं, रांगोळी, पाटावर पालखी टेकवलेली. ताटात नारळ, तांदूळ आणि पाचशेची एक नोट. ती दर्शनाची दोन दिवसांची मजुरी. संदेश गेल्यावरची पहिली पालखी म्हणून भागोजीनं सदू गावकराला सांगून ठेवलं होतं, देवीला गाऱ्हाणं जरा सावकाश घाल, त्याचं नाव नीट घे.

सदूनं हात जोडले. "हे माये, ह्यो तुजा भागोजी तुज्या पायाशी उबा हाय..."

"भागोजी कुठंय?"

सागर. बरोबर आणखी एक दांडगा. दोघं बूट घालून सारवलेल्या खळ्यात आले. रांगोळीवरनं.

"दोन हप्ते थकले," सागर मोठ्यानं म्हणाला. हातात मोबाईल धरून तो शूटिंग करत होता. "देवीला द्यायला पैसे आहेत, आम्हाला द्यायला नाहीत? हे बघा, गावकऱ्यांनो, ह्याच खळ्यात यानं शब्द दिला होता. मुलगा वर लटकलाय आणि बाप सण करतोय."

पन्नास माणसं होती खळ्यात. त्यात पालखी नाचवणारे दहा तगडे पोरगे होते. एकानं जरी बखोट धरलं असतं तरी तो फाटकाबाहेर गेला असता. पण बोलायचं कुणी? शब्द दिलाच होता. आम्ही सगळे तो ऐकून होतो. माझी तर सही होती. आम्ही जमिनीकडं बघत उभे राहिलो. वाजवणाऱ्यांनी ढोल खाली ठेवले.

भागोजी ताटाजवळ गेला. पाचशेची नोट उचलली. डावा हात त्यानं पंच्यात गुंडाळलेला होता. उजव्या हातानं नोट सागरपुढं धरली.

"ही घे," तो म्हणाला. "देवीचं मी मागनं बघतो."

सखूनं तोंडावर पदर दाबला. सागरनं नोट घेतली. घेतली, हे मी मुद्दाम लिहितो. देवीच्या ताटातली नोट त्यानं शर्टाच्या खिशात घातली आणि पावती उद्या देतो म्हणाला.

पालखी उठली, पुढच्या घरी गेली. गाऱ्हाणं अर्धंच राहिलं.

संध्याकाळी दर्शना गडग्यापलीकडून माझ्याकडं आली. हातात प्लास्टिकची पिशवी.

"काका, ह्यांनी कर्ज घेतलं तवाचे कागद हायत हे. पत्र्याच्या पेटीत व्हते. तुमी वाचा."

"आता काय वाचायचं?"

"तवा वाचलं नाय ना," ती म्हणाली. तिचा आवाज वर गेला नाही. "आता तरी वाचा."

मी खिशातला चष्मा लावला. बारीक अक्षर, निम्मं इंग्रजी. पण एका पानावर कापून घेतलेल्या रकमा होत्या आणि त्यात एक ओळ होती, विमा, चार हजार एकशे साठ. मी म्हटलं, हा कसला विमा, गाडीचा असेल. दर्शना म्हणाली, गाडी कुठंय?

तिसऱ्या दिवशी आम्ही सकाळच्या गाडीनं रत्नागिरीला गेलो. कोर्टाच्या आवारात बायकांना फुकट वकील देतात हे मला माहीत होतं, तीस वर्षं त्या स्टॉपवर बायका उतरताना बघितल्या होत्या. तेजस्वी नावाची वकीलबाई बसली होती. तिशीची असेल. तिनं सगळे कागद एकदा वाचले, मग विम्याच्या पानावर पेन ठेवून दर्शनाकडं बघितलं.

"हे तुम्हाला कुणी समजावलं नाही?"

"काय?"

"कर्ज घेणारा माणूस गेला तर उरलेलं कर्ज विमा कंपनी भरते. त्यासाठीच हे चार हजार एकशे साठ तुमच्या मिस्टरांच्या कर्जातून आधीच कापून घेतलेत. फायनान्सनं फक्त दावा पाठवायचा होता. त्यांनी पाठवलाच नाही, म्हातारा देतोय म्हटल्यावर." तिनं भागोजीचं हमीपत्र, बाराव्याला सही केलेल्या त्या कागदाची प्रत, उचललं. "ते गेले त्याच दिवशी तुमचं देणं संपलं होतं. हा कागद बाराव्या दिवशी घेतलेला दिसतोय. दुःखाच्या घरी वसुलीला जायचंच नसतं. तसा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे."

हमीपत्राच्या खाली माझी सही होती. ती तिनं बघितली, नाव वाचलं, माझ्याकडं बघितलं आणि कागद खाली ठेवला.

"फोन कधी कधी यायचे?" तिनं विचारलं. "सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाही. वेळा असतील तर तक्रारीत लिहू."

दर्शनानं संदेशचा मोबाईल काढला. यादीत बोट फिरवत मागे मागे गेली आणि एका ठिकाणी थांबली. मोबाईल तिनं टेबलावर वकीलबाईकडं सरकवला. चार तारीख. सहा बेचाळीस. त्याच्याखाली सहा त्रेचाळीस.

तेजस्वीनं ते लिहून घेतलं. त्या वेळी काय झालं ते दर्शनानं सांगितलं तेव्हा तिनं त्या दोन्ही वेळांखाली रेघ ओढली.

येताना गाडीत दर्शना खिडकीशी बसली होती. भाट्याच्या पुलावरून समुद्र दिसतो, तिकडं तिनं बघितलं नाही. मी म्हटलं, "सुटलात गो." ती म्हणाली, "मामांना कसं सांगू?" सासऱ्याला ती मामा म्हणते. मला वाटलं होतं आनंदाची बातमी आहे. तिला जास्त कळत होतं.

भागोजी ओटीवर बसला होता. दर्शनानं सगळं सांगितलं, एकेक करून. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "मी सही करनार नाय."

"मामा, नुसती तक्रारीवर..."

"शब्द दिलाय मी. पिंडासमोर. सरकारी कागदानं तो फिटत नाय." त्याचा आवाज चढला. "उद्या लोक म्हनतील, भाग्यानं पोराचं देनं बुडवलं, कायद्याची पळवाट काढली. आन् तो? तो ऱ्हाईल तसाच!"

मी सांगायला गेलो तर मला म्हणाला, "तू गप. तू सही केलीस तवा माजा हात धरलास नाय." ते खरंच होतं.

दर्शना उठली नाही. ती त्याच्या पायाशी बसली होती तिथंच बसून राहिली. सानिका आत पाढे म्हणत होती. तेराच्या पाढ्यावर अडखळून ती परत पहिल्यापासून म्हणायला लागली.

"मामा," दर्शना म्हणाली, "तुमी कुनाचं देनं फेडताय?"

"संदेशचं."

"ते त्यांनी फेडलंय. स्वतः. जित्ते असताना. चार हजार एकशे साठ रुपये भरून ठेवले व्हते त्यांनी, माज्या मागं कुनाला तरास नको म्हनून. आता तुमी परत भरताय. म्हंजे त्यांचं भरलेलं खोटं, असंच ना?"

भागोजी तिच्याकडं बघत राहिला. संदेशनं ते समजून भरले की कर्जात आपोआप कापले गेले, हे मला माहीत होतं आणि दर्शनालाही. तीस वर्षांत मी बिनतिकिटाचा एकही माणूस सोडला नाही, पण ते मी सोडून दिलं.

भागोजी म्हणाला, "त्यानं भरले व्हते?"

"व्हय."

"मला बोलला नाय."

"मलापन नाय."

मग त्यानं उजवा हात पुढं केला आणि पेन मागितलं. सही करून झाल्यावर तक्रारीवरून बोट फिरवत तो वाचायला लागला, सातवीच्या मुलासारखा ओठ हलवत. एका ओळीपाशी थांबला.

"किती वाजायच्या आदी फोन करायचा नसतो?"

"आठ," मी म्हटलं.

त्यानं पंच्यातला डावा हात बाहेर काढला, मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडं बघितलं. परत पंच्यात गुंडाळून घेतला.

तक्रार गेली. तीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं, नाहीतर ती रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाते. एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आलं, ते लोक दिवस मोजण्यात पटाईतच. विम्याचा दावा मंजूर करून घेतला, कर्ज बंद झालं, पाच हप्त्यांचे एकोणचाळीस हजार दोनशे पन्नास परत मिळतील. सागरला कंपनीनं काढलं म्हणे, आणि तो दुसऱ्या कंपनीत लागला म्हणे. पालखीच्या पाचशेचा कुठंच उल्लेख नव्हता, त्याची पावतीच नव्हती. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं, आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. मी ते भागोजीला वाचून दाखवताना शेवटचं वाक्य गाळलं. बोटांच्या भरपाईचा वेगळा अर्ज तेजस्वीनं केला आहे. तो चालू आहे.

पैसे सानिकाच्या नावानं पोस्टात ठेवले. भागोजीनं त्याला हात लावला नाही. पावसाआधी तो एकदा एकटाच सड्यावर जाऊन आला. गडगा अर्धाच राहिला होता, डॉक्टरांनी पुढचा सिमेंटच्या खांबांनी आणि तारेनं पुरा करून घेतला होता. आल्यावर एवढंच म्हणाला, "आडवे दगड सगळे बरोबर बसलेत."

श्रावणात वर्षश्राद्ध झालं. तीच ताडपत्री, सदू गावकराची तीच काठी. जेवणं व्हायच्या आधी भागोजी उठून खळ्यात उभा राहिला. असं कुणी वर्षश्राद्धाला उभं राहत नाही.

"गेल्या साली मी हितंच बोललो व्हतो, संदेशचं देनं मी फेडीन," तो म्हणाला. "ते मी मागं घेतो. त्याचं देनं त्यानंच फेडलं व्हतं, जायच्या आदी. त्याच्या पैशानं. मी त्याचं कायच फेडलं नाय. तुमी साक्षीला व्हता म्हनून सांगतो."

ताडपत्रीवर पाणी साचून ती मधे खाली आली होती. सदूला ती ढोसायचं भान राहिलं नाही. मला उठून म्हणायचं होतं, भागोजी, देणं माझं राहिलंय, माझं नाव लिही. पण मी पाटावर तसाच बसून राहिलो. भागोजी खाली बसला आणि पानं वाढायला सुरुवात झाली.

दुपारी माणसं गेल्यावर मी त्याच्या ओटीवर टेकलो. आत भांडी घासल्याचा आवाज येत होता. पाऊस बारीक होता. भागोजीच्या मांडीवर संदेशचा मोबाईल होता. अजून रोज संध्याकाळी तो चार्जिंगला लागतो हे मला माहीत होतं. त्यातला रिचार्ज कधीच संपला होता.

"गंगाराम, आता त्यांचा फोन येनार नाय ना?"

"नाय," मी म्हटलं. "आता कोन करतोय? करून तर बघू दे."

त्यानं मान हलवली. उरलेल्या तीन बोटांनी मोबाईलची काच पुसली, सदऱ्याच्या टोकानं परत पुसली. मला वाटलं तो बरं झालं म्हणेल.

"शिव्या द्यायला का व्हईना," तो म्हणाला, "त्याचा फोन वाजायचा."

आणि मग तो रडायला लागला. बाराव्याला रडला नव्हता, बोटं गेली तेव्हा रडला नव्हता. आतून दर्शना आली, सखू आली, आणि दाराच्या चौकटीपाशी दोघी उभ्या राहिल्या. कुणी त्याला गप्प केलं नाही.